सरवा वेचणाऱ्यावर चोरीचा आळ

ऑक्टोबरात मक्यात हार्वेस्टर शिरले की अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये एक दावा हमखास फिरू लागतो: रानटर्की या कोंबडीच्या कुळातल्या मोठ्या पक्ष्याचे थवे मका-सोयाबीन फस्त करतात, म्हणून सुगीत त्यांची शिकार करणं म्हणजे शेतकऱ्याला मदत. यंदा तो आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही आला, 'आपल्याकडच्या रानडुकरांसारखंच' अशी पुस्ती जोडून. शिकारीला माझा विरोध नाही. पण हा आळ खोटा आहे.

'चाळीस टर्की शेतात स्वतः पाहिल्या' हा पहिला पुरावा. पाहिल्या असतीलच. टर्की दिवसाढवळ्या, उघड्यावर, थव्याने चरते आणि अंधार पडायच्या आत झाडावर जाऊन बसते. रानडुकरासारखं रात्री येऊन पीक लोळवतो तो रॅकून हा मांजराहून थोडा मोठा प्राणी, आणि संध्याकाळनंतर शेतात उतरतात ती हरणं. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी इंडियानातली मका-सोयाबीनची शेतं तपासली, तेव्हा वन्य प्राण्यांनी केलेल्या नुकसानीपैकी 95 टक्क्यांहून अधिक या दोघांचंच निघालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा न्याय आहे.

ज्याला शंका असेल त्याने मक्याच्या ताटांत शिरून बघावं. रॅकून ताट आडवं करतो, कणीस सोलून दाणे कुरतडतो आणि चिखलात लहान मुलाच्या पंजासारखे पाच बोटांचे ठसे ठेवून जातो. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याने खाल्लेला सोयाबीनचा शेंडा कापल्यासारखा नव्हे, ओढून फाडल्यासारखा दिसतो. टर्की मागे ठेवते तो उकरलेला पाचोळा आणि तीन लांब बोटांचे ठसे. आडव्या पडलेल्या कणसावर ती चोच मारते, हे खरं. पण ते आडवं केलेलं असतं वाऱ्याने नाहीतर रॅकूनने.

'मारलेल्या टर्कीच्या गळ्यातली पिशवी मक्याने गच्च भरलेली होती', हेही खरंच असेल. पण तो मका कुठला? हार्वेस्टर कितीही चांगला असला तरी दाणे सांडतातच. एका चौरस फुटात दोन दाणे सांडले तरी एकरी एक बुशेल, म्हणजे सुमारे 25 किलो मका जमिनीवर राहतो. तो काही कोणी वेचायला येत नाही. टर्की वेचते तो हा सरवा. शिवाय ती नाकतोडे आणि इतर किडे खाते. पिल्लं तर सुरुवातीला मुख्यतः किड्यांवरच वाढतात.

टर्की अगदी निरुपद्रवी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. विस्कॉन्सिनातल्या जिनसेंग या औषधी मुळीच्या वाफ्यांवरचं गवताचं आच्छादन ती उकरते, हिवाळ्यात मुरघासावर येते, काही ठिकाणी द्राक्षांनाही चोच लावते. तिथला बंदोबस्त जरूर करावा.

'टर्की भरपूर आहेत, थोड्या कमी झाल्या तर काय बिघडलं?' हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खुपतो. विस्कॉन्सिनातून 1881 च्या सुमारास रानटर्की नाहीशी झाली होती. 1976 मध्ये मिसुरीतून पक्षी आणून व्हर्नन काउंटीत सोडले, तेव्हा ती परतली. वसंतातली शिकार प्रामुख्याने नरांची असते. शरदात मात्र विस्कॉन्सिनासह बऱ्याच राज्यांत मादीही मारता येते, आणि एक मादी गेली की पुढच्या वर्षीची तिची पिल्लंही गेली. संख्या घटू लागली म्हणून कॅन्ससने 2023 पासून शरदातला हंगामच बंद केला.

परवान्याने, ठरलेल्या मर्यादेत, मांसासाठी शिकार करणाऱ्याने तसंच सांगावं. आणि ज्याचा मका खरंच कमी भरतोय, त्याने बंदुकीआधी बॅटरी घेऊन रात्री दहानंतर बांधावर जावं.