चोवीस आठवड्यांचा अभिमान

जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हापासून आमच्या बडोद्याच्या मंडळींना एक वाक्य सापडलं आहे: आपल्याकडे गर्भपात 1971 मध्येच कायदेशीर झाला. मी डब्लिनमध्ये राहतो म्हटल्यावर पुढचं वाक्यही येतंच, ‘तुमच्याकडे 12 आठवडे, आमच्याकडे 24.’ आकडे दोन्ही बरोबर आहेत. पण ते एकाच गोष्टीचे नाहीत.

आयर्लंडमध्ये 12 आठवड्यांपर्यंत कारण विचारत नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं, म्हणजे पाळी चुकल्याचं कळतं तेव्हाच 4 आठवडे खर्ची पडलेले असतात. बाई सरकारी हेल्पलाइनला फोन करते आणि ही सेवा देणाऱ्या जवळच्या फॅमिली डॉक्टरचं नाव घेते. पहिल्या भेटीत डॉक्टर आठवडे तपासून दाखला लिहितो. त्यानंतर 3 दिवस थांबायचं. दुसऱ्या भेटीत मिफेप्रिस्टोनची गोळी मिळते आणि 24 ते 48 तासांनी मिसोप्रोस्टॉल हे दुसरं औषध घरीच घ्यायचं. दोनेक आठवड्यांनी घरच्या घरी चाचणी करून काम पूर्ण झालं का ते पाहायचं. 9 आठवड्यांच्या पुढे असेल तर इस्पितळात. पैसे लागत नाहीत.

हे 2019 पासून. त्याआधी काय होतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार ऑक्टोबर 2012 मध्ये गॉलवेला 17 आठवड्यांची गरोदर असताना सेप्सिसने, म्हणजे अंगात पसरलेल्या जंतुसंसर्गाने गेली. गर्भ आपोआप पडणार हे अटळ होतं, तिने गर्भपाताची मागणीही केली होती, पण गर्भाचे ठोके चालू होते. मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी घटनेतली ती बंदी उडवली.

आता घरचं पाहू. भारतात सहाव्या आठवड्यातही गर्भपात हा बाईचा हक्क नाही. तो डॉक्टरच्या मतावर चालतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 नुसार गर्भपात हा आजही गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात येते. 1971 चा एमटीपी (वैद्यकीय गर्भपाताचा) कायदा म्हणजे या गुन्ह्याला दिलेला अपवाद. त्यात बसायचं तर तब्येतीला धोका, गर्भात दोष, बलात्कार किंवा गर्भनिरोधक फसलं, यांपैकी काहीतरी कागदावर यावं लागतं. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 मध्ये दोघांचं लागतं, तेही ठरावीक गटांतल्या बायकांसाठीच. ज्या 24 चा आपण अभिमान मिरवतो, ते सगळ्यांसाठी नाहीतच.

डॉक्टरच्या डोक्यावर फौजदारी कलम असलं की काय होतं, हे बडोद्यात कुणालाही विचारा. कायद्याला सज्ञान बाईची एकटीची सही पुरते, तरी दवाखाने नवऱ्याची सही मागतात. मुलगी 18 च्या आतली असेल तर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवावं लागतं. तिने आणि पालकांनी सांगितल्यास नाव न देता कळवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. तरी भीती जात नाही. मग बाई मेडिकलमधून परस्पर किट आणते: मिफेप्रिस्टोन 200 मिलिग्रॅमची 1 गोळी, मिसोप्रोस्टॉल 200 मायक्रोग्रॅमच्या 4. औषधं चांगलीच आहेत. पण गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर ती चालत नाहीत, आणि रक्तस्राव सुरू झाला म्हणून बाईला वाटतं की काम झालं. नळी फुटते ती नंतर. तासाला दोन पॅड भिजणं सलग दोन तास चाललं, किंवा पोटात एका बाजूला तीव्र कळ येऊन चक्कर आली, तर थेट इस्पितळ गाठायचं, हे किटसोबत सांगणारं कुणी नसतं.

24 च्या पुढे मेडिकल बोर्ड फक्त गर्भातल्या गंभीर दोषासाठी. बाकीच्यांना न्यायालय, म्हणजे बडोदेकरांना सुमारे 110 किलोमीटरवरचं अहमदाबाद. ऑगस्ट 2023 मध्ये गुजरातमधल्या एका बलात्कारपीडितेचा वैद्यकीय अहवाल 10 तारखेला हाती आला होता, 26 आठवडे उलटून गेले होते, आणि उच्च न्यायालयाने पुढची तारीख दिली 23 ऑगस्ट! सर्वोच्च न्यायालयाला शनिवारी बसावं लागलं. परवानगी 21 ला मिळाली.

‘मागेल तिला दिलं तर मुली पाडतील’ हा घरचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, गुजरातेत तर नाहीच. सोनोग्राफीत साधारण 12-13 आठवड्यांआधी लिंग खात्रीने दिसत नाही; रक्ताच्या चाचणीत मात्र दहाव्या आठवड्यातही कळू शकतं. पण लिंगनिदान हा वेगळा गुन्हा आहे, 1994 पासून त्याला वेगळा कायदा आहे, आणि चोर पकडायचा तर तो सोनोग्राफीच्या खोलीत आणि लॅबमध्ये. नको असलेल्या गर्भासाठी आठव्या आठवड्यात आलेल्या बाईला कारण लिहायला लावून तो सापडत नाही.

म्हणून माझ्या मते घरची चर्चा 24 चे 28 करण्यावर अडकू नये. आधी बाईला कलम 88 मधून बाहेर काढा (आयर्लंडमध्ये नियम मोडल्यास डॉक्टरला 14 वर्षांपर्यंत कैद आहे, बाईला काहीच नाही), आणि पहिल्या 12 आठवड्यांत कारणाचा रकानाच काढून टाका.

इथल्या कायद्यातले ते 3 दिवस मात्र उचलू नका. ते फोनपासून नाही, दाखल्यापासून मोजतात; मध्ये शनिवार-रविवार आला, डॉक्टर सुट्टीवर गेला, की आठवडा उलटतो, आणि 11 आठवडे उलटल्यावर आलेली बाई मुदतीबाहेर जाते. 2023 च्या स्वतंत्र आढाव्यात मरी ओशे या बॅरिस्टरने ही सक्ती काढायची शिफारस केली होती. भारतीय कायद्यात अशी सक्तीची वाट पाहणं मुळात नाहीच, आणि या एका बाबतीत बडोद्याची मंडळी डब्लिनला खुशाल चार शब्द सुनावू शकतात.