पपई स्वतःलाच का पचवत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

वनस्पतींतील प्रथिने तोडणाऱ्या विकरांवरच्या (एन्झाइमांवरच्या) माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप नोंदवले आहेत. मटण कच्च्या पपईने मऊ होते ते आम्लामुळे. चिकात असा विकर असता तर पपईने आधी स्वतःलाच पचवले असते. आणि आपल्याकडे ज्वारीची खालची पाने पिवळी पडतात ती पाण्याच्या ताणाने, विकरांमुळे नव्हे.

पहिल्याचे उत्तर स्वयंपाकघरातच मिळेल. कच्ची पपई आंबट नसतेच. शिवाय तिचा कीस बराच वेळ खळखळून उकळला आणि मग मटणाला चोळला, तर गुण येत नाही. उकळल्याने आम्ल जात नाही, विकराची घडी मात्र मोडते.

दुसरा आक्षेप मीच लेखात उपस्थित करायला हवा होता. चिकातील पपेन हा विकर म्हणजे 212 अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची, साखळी आहे. तिच्या घडीतील एका खाचेत 25व्या जागेवरचे सिस्टीन आणि 159व्या जागेवरचे हिस्टिडीन शेजारी येतात. सिस्टीनमधील गंधक समोर आलेल्या प्रथिनाच्या पेप्टाइड बंधातील (दोन अमिनो आम्लांना जोडणाऱ्या दुव्यातील) कार्बनला जाऊन भिडतो, त्या प्रथिनाचा एक तुकडा सुटतो, दुसरा क्षणभर गंधकालाच चिकटून राहतो आणि मग पाण्याचा रेणू त्यालाही मोकळा करतो. पण झाड हा विकर घडवते तेव्हा त्याच्या पुढच्या टोकाला 107 अमिनो आम्लांचा जादा तुकडा असतो, आणि तो या खाचेत उलट्या दिशेने पडून राहतो, त्यामुळे खाच बुजते आणि तो स्वतः सहसा तुटत नाही. त्यातून हा सगळा ऐवज चीकवाहिन्यांत वेगळा साठवलेला असतो. फळाला किंवा पानाला चीर पडून चीक वाहू लागला की काही मिनिटांत तो तुकडा छाटला जातो, आणि विकर जागा होतो तो कुरतडणाऱ्या अळीच्या तोंडाशी. जपानी संशोधकांनी 2004 साली पपईच्या पानांवरचा चीक धुऊन टाकला, तेव्हा एरवी ती पाने खाऊन मरणाऱ्या अळ्या त्यांवर जगल्या.

तिसऱ्या मुद्द्यात आपण निम्मे बरोबर आहात. सोलापूरच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवरच वाढते, आणि ओल सरत आली की पाने लवकर पिकतात हे खरे. परंतु हिरवे पान तोडून उन्हात झटपट वाळवले तर ते हिरवटच राहते. उभ्या धाटावरचे पान पिवळे पडते, कारण झाड ते आतून मोडून काढत असते. त्यात हरितद्रव्याबरोबरच रुबिस्को हे पानातील सर्वांत मुबलक प्रथिनही तुटते आणि त्यातला नायट्रोजन भरणाऱ्या दाण्याकडे जातो. ताण ही वेळ ठरवतो, तोडण्याचे काम विकरच करतात.

एक चूक मात्र आपल्या टीकेमुळेच माझ्या ध्यानात आली. ‘पपेन वाटेल तिथे कात्री चालवतो’ हे माझे वाक्य सैल होते; तोडण्याच्या जागेअलीकडे पाण्याला नकोसे असलेले मोठे अमिनो आम्ल असेल, तर तो बंध त्याला अधिक मानवतो. मूळ लेखात तेवढा बदल केला आहे.