जिमचे पैसे आणि खिशातले चिंचोके

पुण्यातली पर्वती टेकडी चढण्यात मी तीन आठवड्यांच्या पुढे टिकणार नाही अशी पैज आमच्याकडे दिवाळीनंतर लागली होती, आता जून उजाडला आणि नवरा हरलाय, म्हणून ही पोस्ट.

माझा आधीचा रेकॉर्ड फार वाईट आहे. एका जिमची वर्षाची फी एकरकमी भरली (“आज भरलीत तर डिस्काउंट आहे मॅडम”) आणि मोजून अकरा दिवस गेले, म्हणजे एका दिवसाचा हिशोब काढला तर तेवढ्यात घरातल्या सगळ्यांना मस्तानी पाजून झाली असती. मग यूट्यूब लावून झुंबा, तर खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, “अगं काही पडलं का?” मग सूर्यनमस्कार, बारा घालायचे ठरवलेले आणि पाचव्यालाच डोक्यात कुकरच्या शिट्ट्या. दरवेळी वाटायचं आपल्यातच विलपॉवर नाही. आता वाटतं विलपॉवर कसली डोंबलाची, मला फक्त कंटाळा येत होता आणि ते कबूल करायची लाज वाटत होती.

तर शुगर बॉर्डरला आली, डॉक्टरांनी डोळे वटारले आणि शेजारच्या काकू म्हणाल्या चल गं पर्वतीला. पर्वतीच्या 103 पायऱ्या, पण घरच्या जिन्यासारख्या नाहीत, रुंद आणि बुटक्या, एका पावलात पुरत नाहीत आणि दोन टाकली की जास्त होतात, लय सापडेपर्यंत आठवडा गेला. आणि गंमत म्हणजे चढताना धाप लागते पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कमोडवर बसताना कळलं. नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये वर देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं ते काही माझ्या शुगरसाठी नाही, पण उपयोग होतोय.

तिथे एक काका येतात, सत्तरीच्या पुढचे असावेत. उजव्या खिशात चिंचोके घेऊन येतात, एक फेरी झाली की एक चिंचोका डाव्या खिशात, उजवा खिसा रिकामा झाला की घरी. घड्याळ नाही, ॲप नाही, हार्ट रेट नाही. मी एकदा विचारलं मोजायचे कशाला, चारच तर आहेत, तर म्हणे, “चौथ्या फेरीला मन खोटं बोलतं, चिंचोका बोलत नाही.” दुसऱ्या दिवशी मीही डब्यातून चार काढले. चार फेऱ्या म्हणजे 412 पायऱ्या, काकूंच्या सुनेबद्दल ऐकत ऐकत, पाऊण तास कसा जातो कळत नाही.

आणि खरं सांगू का, मला पायऱ्या आवडतात म्हणून मी जात नाही. मी दोन दिवस दांडी मारली की काका वरून ओरडतात, “काय मॅडम, गावाला गेला होतात का?” या एका वाक्याच्या धाकाने मी उठते. जिममध्ये अकरा दिवसांनंतर मी कुठे गेले हे कुणीच विचारलं नाही, फक्त रिन्यूअलचा मेसेज आला.

लोक सांगतात आवडीचा व्यायाम शोधा. मला वाटतं आवडीची माणसं शोधा, व्यायाम कुठलाही चालतो, अट एवढीच की जागा घराजवळ पाहिजे आणि जायला फार तयारी लागता कामा नये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, किंवा चांगलाच दम लागणारा असेल तर 75 सुद्धा चालतात, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस जाऊनही मी कुणाचं देणं लागत नाही. (ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतायत त्यांनी मात्र आधी विचारून घ्या, माझं ऐकून पळत सुटू नका.)

आता पावसात पायऱ्या निसरड्या होतील, तेव्हा काय करायचं यावर काकू आणि काकांचं भांडण सुरू आहे, काकू म्हणतात छत्री आणि दोनच फेऱ्या, काका म्हणतात पाऊस थांबायची वाट बघू पण चार म्हणजे चार. सहकारनगर साइडला कुणी असाल तर सव्वासहाला पायथ्याशी या, चिंचोके मी आणते.