मॉड वॅग्नरनं प्रेमात पडण्याआधी सौदा केला

मॉड वॅग्नरचा तो जुना फोटो तुमच्याही वॉलवर कधीतरी येऊन गेला असेल. साधारण १९०७ सालचा. केस वर बांधलेले, गळ्यात माळा, खांदे उघडे आणि माळांखाली सगळं अंग चितारलेलं. माकडं, सिंह, फुलपाखरं, साप, झाडं. डाव्या हातावर स्वतःचंच नाव. फोटोखाली ठरलेली ओळ असते, 'अमेरिकेतली पहिली ज्ञात महिला टॅटू आर्टिस्ट', आणि मग ती डेटची गोष्ट.

गोष्ट अशी, की १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात तिला गस वॅग्नर भेटला. ती कॅन्ससची मॉड स्टीव्हन्स, सर्कशीत झुल्यावर कसरती करणारी, अंग हवं तसं वाकवणारी. तो जहाजांवर खलाशी म्हणून जग फिरून आलेला आणि अंगभर गोंदलेला. जावा-बोर्निओकडच्या लोकांकडून हातानं गोंदायला शिकलो, असं तो सांगायचा. त्यानं तिला फिरायला चल म्हटलं. ती म्हणाली येते, पण मला गोंदायला शिकवायचं.

यावर 'किती गोड!' अशा कमेंटींचा पाऊस पडतो. मला यात गोडव्यापेक्षा धंद्याची अक्कल दिसते. झुल्यावरच्या बाईचं पोट तिच्या सांध्यांवर चालतं. हात निसटला की संपलं, आणि नाही निसटला तरी वय कुणासाठी थांबत नाही. मॉड तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. सुई मात्र म्हातारपणीही चालवता येते. समोर हुन्नर असलेला माणूस उभा आहे आणि त्याला आपल्यात रस आहे, एवढं पाहून तिनं नेमकी किंमत सांगितली. पुढे दोघांनी लग्न केलं, संसार केला, ते सगळं नंतरचं.

तिचं वेगळेपण कळायला आधीच्या बायका बघायला हव्यात. १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नोरा हिल्डेब्रँट 'गोंदलेली बाई' म्हणून लोकांसमोर आली. तिच्याबरोबर एक कहाणीही विकली जायची. मूळनिवासींनी बापलेकीला पकडलं आणि बापाला जबरदस्तीनं हिच्या अंगावर गोंदायला लावलं, अशी. सगळ्या थापा! न्यूयॉर्कमधल्याच मार्टिन हिल्डेब्रँट नावाच्या गोंदणाऱ्यानं तिला गोंदलं होतं. पण बाईनं राजीखुशीनं अंग गोंदून घेतलं म्हटलं तर सभ्य मंडळी नाकं मुरडणार. जुलूम झाला म्हटलं की तीच मंडळी हळहळत, तिकीट काढून, उघडे दंड आणि पिंढऱ्या निवांत बघणार. (ही सोय आजही काही गेलेली नाही.)

मॉडनंही अंग दाखवून पैसे मिळवले, पण सुईही तिच्याच हातात होती. सॅम्युअल ओ'रायलीनं विजेच्या मशीनचं पेटंट १८९१ मध्येच घेतलं होतं, तरी हे दोघं हातानंच गोंदत राहिले. सुई शाईत बुडवायची, टोचायची, पुन्हा बुडवायची. सर्कस सोडल्यावर जत्रा, नाटकघरं, करमणुकीची दुकानं असे गावोगाव फिरले. बंदरांपुरती असलेली ही कला देशाच्या आतल्या भागात नेण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं.

आता ते 'पहिली' वगैरे अमेरिकेपुरतं ठीक आहे. आपल्याकडे सुया घेऊन दारोदार, जत्रेत फिरणाऱ्या गोंदणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या होत्या. त्यांना स्टुडिओत बसवून फोटो काढायला कुणी गेलं नाही, इतकंच.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवते ती मॉडची मुलगी, लोटेव्हा. नवव्या वर्षी तिच्या हातात सुई आली. पण मॉडनं गसला बजावलं होतं, पोरीच्या अंगावर काही काढायचं नाही. १९४१ मध्ये वीज पडून गस गेला. वडिलांनी नाही काढलं तर दुसऱ्या कुणाकडूनही नको, असं लोटेव्हानं ठरवलं आणि तिचं अंग कायम कोरं राहिलं.

अनेकांना हा मॉडचा दुटप्पीपणा वाटतो. मला नाही वाटत. रोज तिकीट काढून आलेल्यांच्या नजरा अंगावर घेणं म्हणजे काय, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? गस गोंदलेला पुरुष होता, त्याला बघायला येणाऱ्यांची नजर वेगळी. मुलीला धंदा द्यावा, तिचा तमाशा होऊ देऊ नये, असा तिचा हिशेब असावा. हा माझा अंदाज, तुम्हाला पटलाच पाहिजे असं नाही. मॉड १९६१ मध्ये ओक्लाहोमातल्या लॉटनमध्ये वारली. लोटेव्हा पुढेही दुसऱ्यांची अंगं गोंदत राहिली.