सौर वीज आली की वाचणारे पैसे आधी कुलपात टाका

महापालिकेचं बजेट आलं की आपल्या इंदुरात चर्चा रंगते ती पाणीपट्टी वाढली का एवढ्यावरच. नर्मदेचं पाणी उचलणारे जलूदचे पंप थकतील, जुनी लाईन बदलावी लागेल, तेव्हा पैसा कुठून काढणार, हे कुणी विचारत नाही. मला हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो.

आपलं पाणी येतं मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्य चढून. १९७० साली लोक नर्मदेसाठी रस्त्यावर उतरले, १९७८ मध्ये ती शहरात पोचली. चढण पाचशे मीटरहून जास्त. हजार लिटर पाणी नुसतं पाचशे मीटर उचलायचं तर हिशेबाने जवळपास १.४ युनिट वीज लागते. पंप आणि मोटरमधली तूट धरली की दोनच्या आसपास. म्हणजे फुटक्या लाईनमधून गटारात गेलेल्या पाण्याचं वीजबिल आपण आधीच भरलेलं असतं. गळती थांबवणं इथे जितकं फायद्याचं आहे, तितकं नदीकाठच्या शहरात नसेल.

फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने पंपांचं वीजबिल कमी करणाऱ्या जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी रोखे काढून, म्हणजे लोकांकडून व्याजाने कर्ज घेऊन, २४४ कोटी उभे केले. सामान्य माणसालाही ते घेता येत होते, आणि मागणी कितीतरी पट आली. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण व्याज ८.२५ टक्के, म्हणजे पूर्ण रकमेवर वर्षाला वीस कोटींच्या वर. मुद्दल तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी चार हप्त्यांत फेडायचं. पॅनेल मात्र वीस-पंचवीस वर्षं चालतात. कर्ज फिटल्यावरही वीजबिलात बचत होत राहील, ती कुठे जाणार?

माझं ठाम म्हणणं आहे की ती सर्वसाधारण खात्यात जाता कामा नये. एकदा तिथे गेली की चौक सुशोभीकरण, दिवे, पगार, सगळ्यांचा त्यावर हक्क लागतो. पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं हवं. पंप, मोटरी, टाक्या, लाईन यांचा घसारा, म्हणजे झिजेमुळे घटणारी किंमत, दरवर्षी नुसता कागदावर न दाखवता तेवढी रक्कम खरोखर बाजूला पडायला हवी, आणि दुसऱ्या कामाला ती काढता येऊ नये.

कुणी म्हणेल, मग आधी पाणीपट्टीच कमी करा. गरिबांच्या वस्त्यांत सवलत द्यावीच. बाकी आपण एक दिवसाआड नळ येतो म्हणून टँकर आणि बोरिंगवर किती घालवतो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यापेक्षा बचत नळाचं पाणी नीट येण्यावर लागलेली बरी.

पुढच्या बजेटआधी आपापल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडे एक यादी मागा: कोणती लाईन कोणत्या वर्षी टाकली, कोणता पंप कधी बसवला, प्रत्येकाचं आयुष्य किती उरलं आणि तो बदलायला आजच्या भावाने किती लागतील. पुढच्या वीस वर्षांचा तक्ता त्यातूनच उभा राहील. मी माझ्या वॉर्डात अर्ज देणार आहे. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी कमेंटमध्ये वॉर्ड लिहा, मसुदा पाठवतो.