मिररिंग आहे, म्हणून डंप नकोत?

मेनफ्रेमवाल्यांच्या (बँकांसारख्या ठिकाणचे मोठे संगणक सांभाळणाऱ्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘डिस्कचं मिररिंग दुसऱ्या सेंटरला चालू आहे, फ्लॅशकॉपी आहे, एचएसएम रोज बॅकअप घेतंच. मग रात्री डंपचे जॉब लावून बॅच विंडो आणि टेपचे पैसे कशाला घालवायचे?’ नवख्यांसाठी: मिररिंग म्हणजे डिस्कवरचा प्रत्येक राइट दुसऱ्या डिस्कवरही उमटणं, फ्लॅशकॉपी म्हणजे डिस्कची त्या क्षणाची झटपट प्रत, एचएसएम म्हणजे डेटासेट (फाइली) हलवणारं आणि त्यांचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर, डंप म्हणजे डिस्कवरचा डेटा टेपवर उतरवलेली प्रत आणि बॅच विंडो म्हणजे रात्रीच्या मोठ्या कामांना मिळणारा वेळ. त्या मजकुराखाली अंगठ्यांची रांग लागलेली पाहिली, म्हणून हे लिहितोय.

मिररिंगला नावं ठेवायची नाहीत. मेट्रो मिरर (आयबीएमचं मिररिंग) आणि हायपरस्वॅप (डिस्क बसली की काम आपोआप दुसऱ्या डिस्कवर वळवणारी सोय) नीट बसवलं असेल तर अख्खा डिस्क बॉक्स बसला तरी ऑनलाइन व्यवहार चालू राहतात. पण मिररला फक्त राइट कळतो, तो बरोबर की चूक हे कळत नाही. आयडीकॅम्सच्या (डेटासेट बनवणाऱ्या-पुसणाऱ्या युटिलिटीच्या) डिलीटमध्ये मास्क (नावांचा साचा) देताना एक क्वालिफायर (नावाचा एक भाग) राहून गेला, की डेटासेट इथून जातात आणि तिथूनही. प्रोग्रॅमने व्हीसॅम प्रकारच्या फाइलमधल्या शिलका बिघडवल्या, तर दुसऱ्या सेंटरला त्याच शिलका इमानेइतबारे बिघडतात.

फ्लॅशकॉपीची प्रत त्याच बॉक्समध्ये असते. नोकॉपी (पूर्ण प्रत न काढण्याचा पर्याय) दिलं असेल तर न बदललेले ट्रॅक मूळ व्हॉल्यूमवरूनच (डिस्कवरूनच) वाचले जातात. मूळ गेलं की प्रतही गेली.

खरा घोळ एचएसएमचा आहे. निम्मे लोक मायग्रेशनलाच बॅकअप समजतात. कॅटलॉगमध्ये व्हॉल्यूमच्या जागी ‘मायग्रॅट’ दिसलं म्हणजे डेटासेट स्वस्त जागी हलवलाय, त्याची जास्तीची प्रत झालेली नाही. तो एचरिकॉल कमांडने परत येतो. बॅकअपमधून आणायचा तर एचरिकव्हर. दुसरं, एचएसएम रोज ‘सगळ्याचा’ बॅकअप घेत नाही. व्हीटॉकमधला (डिस्कवरच्या डेटासेटांच्या यादीतला) बदलाचा बिट चालू असलेले आणि मॅनेजमेंट क्लासने (डेटासेटला लावलेल्या नियमांच्या संचाने) परवानगी दिलेले डेटासेटच ते उचलतं, आणि आवृत्त्याही त्या क्लासने ठरवल्या तेवढ्याच ठेवतं. समजा दोनच ठेवल्यात, फाइल सोमवारी बिघडली, रोज बदलत राहिली आणि गुरुवारी कुणाच्या लक्षात आली. हाताशी राहिल्या त्या दोन्ही आवृत्त्या बिघडलेल्याच!

शिवाय कुठली प्रत कुठल्या टेपवर आहे हे एचएसएमच्या बीसीडीएसमध्ये (बॅकअपच्या नोंदवहीत) लिहिलेलं असतं. तो डेटासेटच गेला तर टेपांचा ढीग समोर असून उपयोग शून्य. सिस्टीमच उभी राहत नसेल तर एचएसएम चालवणार कशावर? तिथे डीएसएसचा (डंप काढणाऱ्या आणि परत भरणाऱ्या सॉफ्टवेअरचा) स्टँडअलोन रिस्टोअर कामाला येतो. तो थेट आयपीएल करून (मशीन त्याच्यावरूनच बूट करून) चालवता येतो, पण त्याला फिजिकल डंपच (डिस्कचे ट्रॅक जसेच्या तसे उचललेला) लागतो. लॉजिकल डंप (डेटासेटनुसार काढलेला) त्याला चालत नाही. रात्रीचे डंप बंद केलेत तर त्याच्या पुढ्यात काय ठेवणार?

डंपवाल्यांनीही फार ताठ्यात राहू नये म्हणा. लॉजिकल डंपमध्ये वापरात असलेला डेटासेट डीएसएस वगळतं आणि तसं जॉबच्या आउटपुटमध्ये लिहितं. ते कुणी वाचत नाही. मग कुणीतरी वैतागून टॉलरेट एंक्यू फेल्युअर (‘फाइलचं कुलूप मिळालं नाही तरी चालेल’ हा पर्याय) घालतो, जॉब हिरवा होतो आणि अर्धवट अपडेट झालेली फाइल सुखाने डंपात जाऊन बसते.

राहिली बॅच विंडो. अपडेट क्षणभर थांबवा, फ्लॅशकॉपी घ्या, बॅच सोडून द्या आणि डंप त्या प्रतीवरून काढा. टेपचं म्हणाल, तर टीएस ७७०० (आयबीएमची आभासी टेप यंत्रणा) असलेल्या ठिकाणी जॉबला दिसणारी टेप प्रत्यक्षात आधी डिस्क कॅशवर लिहिली जाते. रीळ माउंट व्हायची वाट पाहत बसणं तिथे उरलेलं नाही.