कर्ज हवंय? आधी चालून दाखवा

बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घ्यायची आहे, सगळी रक्कम हाताशी नाही, म्हणून बँकेचं कर्ज काढावं असं तुमच्या मनात आलंय? अभिनंदन. विचार उत्तम आहे. फक्त त्यावर काही करण्याआधी माझ्यासारख्या मुरलेल्या माणसाचं थोडं ऐकून घ्या. गेल्या दोन महिन्यांत मी एकाच शाखेत पाच खेपा घातल्यात. या विषयातली पीएचडी जवळजवळ हातात आली आहे. कर्ज तेवढं यायचं राहिलंय.

पहिली गोष्ट, बँकेत स्वतः जा. 'अर्जदाराने समक्ष हजर राहावे' असा नियम आहे, आणि घराबाहेर पडता येत नाही म्हणूनच तर खुर्ची हवी आहे, असले तर्क काउंटरवर लढवू नका. वाद घालणाऱ्याची फाइल तळाला जाते. शाखेला रॅम्प असतो. नियमात आहे ना, मग असतोच. आमच्या शाखेचा रॅम्प तर इतका खडा आहे की चढताना खुर्ची मागे कलंडते आणि उतरताना आपण थेट रस्त्यावर पोचतो, तेही ब्रेक लागला तर. त्यावर दोन मोटरसायकली आणि तीन कुंड्या असतात. मोटरसायकल काढायला सांगितली तर वॉचमन म्हणतो, "जरा थांबा, साहेबांची आहे." तुम्ही थांबा. तुम्ही तसेही बसलेलेच आहात.

सोबत कुणाला तरी न्या. हे मात्र मी मनापासून सांगतोय, कारण नाहीतर बोलायचं कुणाशी हा प्रश्न साहेबांना पडतो. मी धाकट्या भावाला नेलं होतं. माझी जुनी घडीची खुर्ची ढकलत त्याने मला टेबलापाशी आणलं, मी नमस्कार केला, फाइल पुढे केली. साहेबांनी फाइल घेतली, वर पाहिलं आणि भावाला विचारलं, "यांना काय झालंय?"

मी सांगितलं, पोलिओ, दोन्ही पाय, लहानपणापासून. साहेबांनी मान डोलावली. भावाकडे बघून. "आणि आता एवढी महागाची खुर्ची कशाला हवी म्हणतायत?" पुन्हा मीच सांगितलं, की चाळीस वर्षं पायांचं काम खांद्यांनी केलं, आता खांदे झिजलेत, हाताने चाकं रेटवत नाहीत, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलंय. साहेब हे सगळं ऐकत होते, फक्त उत्तरं भावाच्या तोंडून येतायत असं त्यांनी मनाशी धरलेलं होतं. शेवटी त्यांनी आवाज थोडा खाली आणला आणि आपलेपणाने सुचवलं, "असं करा, कर्ज तुमच्याच नावावर घ्या. सोपं पडेल."

माझा भाऊ वर्षभर नोकरी शोधतोय. पगार माझा होतो, दर महिन्याला, त्याच बँकेतल्या खात्यात, गेली बावीस वर्षं. पण तो उभा होता.

सहीच्या वेळी तुमच्यापुढे शाईचं पॅड सरकवलं गेलं तर दचकू नका. पाय गेले की अक्षरओळखही जाते, असं बँकेचं एक जुनं वैद्यकीय संशोधन आहे.

कागदपत्रं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारने दिलेलं दिव्यांग ओळखपत्र न्या, पण त्यावर विसंबू नका. अपंगत्वाचं मूळ प्रमाणपत्र न्या. त्यावर 'कायमस्वरूपी' असं ठळक लिहिलेलं असलं, तरी "तीन महिन्यांच्या आतलं आणा" असं सांगितलं जाईल. मध्यंतरी बरं वाटलं असेल तर? बँकेला खबरदारी घ्यावीच लागते. मग जिल्हा रुग्णालयाची रांग, वैद्यकीय बोर्डाचा ठरलेला वार, रिक्षाचं भाडं, ऑफिसची रजा. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "कायमचं आहे ना, मग परत कशाला आलात?" उत्तर तुम्हाला सुचलं तर मलाही कळवा.

जामीनदार दोन. नोकरीतले असलेले बरे.

आता मुख्य मुद्दा, कर्जाचं कारण. बँकेच्या संगणकात कारणांची एक यादी असते: घर, शिक्षण, सोनं, ट्रॅक्टर, चारचाकी, दुचाकी. साहेबांनी ती वरून खाली आणि खालून वर दोनदा फिरवली. व्हीलचेअर कुठेच बसेना. वाहन म्हणावं तर पासिंग नाही, नंबरप्लेट नाही. वस्तू म्हणावी तर तारण काय? "उद्या हप्ता थकला तर आम्ही काय खुर्ची ओढून न्यायची का? बरं दिसेल का ते?" हा प्रश्न त्यांनी फार हळवा होऊन विचारला. म्हणजे बघा, हप्ता मी अजून एकही चुकवला नव्हता, कर्जही मिळालेलं नव्हतं, आणि माझी खुर्ची जप्त करताना त्यांना किती वाईट वाटेल, या विचाराने त्यांचा जीव कासावीस झाला होता. या दयेपोटीच त्यांनी कर्ज नाकारायचं ठरवलं. एवढी माया सख्ख्या मावशीला नसते.

मग आला तो प्रश्न, ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला: "या खुर्चीतून उत्पन्न काय निघणार?"

उत्पन्न! माझ्या खुर्चीतून! तुमच्या शाखेतून लग्नासाठी कर्ज जातं, त्या लग्नातून किती उत्पन्न निघालं याचा हिशोब नवऱ्या मुलाकडे मागता का? मोबाइलच्या दुकानात पोरं आधार कार्ड दाखवतात आणि पाच मिनिटांत हप्त्यावर फोन घेऊन बाहेर पडतात, त्या फोनवर दिवसभर रील बघतात, ते उत्पन्न धरायचं का? दोन लाखांच्या आतली खुर्ची. तिच्यावर मी रोज ऑफिसला जाणार, म्हणजे आजवर जातोच आहे, फक्त आता खांद्याला गोळ्या न खाता जाईन. संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत एकटा जाऊन येईन. एकटा. भावाला हाक न मारता. त्याची किंमत कुठल्या रकान्यात भरू? आणि गंमत पुढेच आहे. त्याच संध्याकाळी त्याच बँकेतून फोन आला. गोड आवाज, "सर, आपल्याला दोन लाखांचं प्री-अप्रूव्ड लोन मंजूर झालंय, स्वप्नातल्या सहलीसाठी." सकाळी मी माणूस म्हणून गेलो तर अपात्र, संध्याकाळी खातेक्रमांक म्हणून पात्र. मी म्हटलं, ताई, हेच पैसे व्हीलचेअरसाठी द्या. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "सर, त्यासाठी तुम्हाला शाखेत जावं लागेल."

असो. शांतपणे पुढच्या सूचनेकडे वळू.

सरकारी योजनेचा अभ्यास करून जा, पण दाखवू नका. दिव्यांगांना कर्ज देण्यासाठी केंद्राचं एक वित्त व विकास महामंडळ 1997 सालापासून आहे. त्याची दिव्यांगजन स्वावलंबन योजना आहे, राज्यांच्या महामंडळांमार्फत आणि काही बँकांमार्फत ती चालते, आणि छोट्या रकमेला व्याज 5 टक्क्यांपासून सुरू होतं. मी त्याची प्रिंट काढून नेली होती. साहेबांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझा फोन नंबर लिहून घेतला. "कळवतो." वरून म्हणाले, "तसं तुमची केस आमच्याकडे पहिलीच." जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा 2022 चा अहवाल सांगतो की जगात 250 कोटींहून जास्त लोकांना कुठलं ना कुठलं सहाय्यक साधन लागतं आणि त्यातल्या जवळपास 100 कोटींना ते मिळत नाही. त्या 100 कोटींमधला एकही कधी या शाखेत फिरकला नाही म्हणे. रॅम्पवरून घसरून गेले असतील.

दृष्टिहीन असाल तर बँकेत न जाता ॲपवरून अर्ज करा, हे उत्तम. माझ्या एका मित्राने ब्रेल डिस्प्लेसाठी, म्हणजे पडद्यावरची अक्षरं बोटांनी वाचता येतील अशी उमटवणाऱ्या यंत्रासाठी, केला. ॲप म्हणालं, चेहरा चौकटीत आणा. चौकट कुठे आहे हे चौकट दिसणाऱ्यालाच कळतं, पण ठीक. मग म्हणालं, डोळे मिचकावा. त्याने आधी नीट, मग जोरात, मग चिडून मिचकावले. ॲपला त्यातलं काहीच पसंत पडलं नाही. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने याच गोष्टीवर निकाल दिला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या बायका आणि एक दृष्टिहीन माणूस कोर्टात गेले होते. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने सांगितलं आणि केवायसी, म्हणजे ग्राहकाची ही ओळखतपासणी, सुधारण्यासाठी 20 सूचना दिल्या. ॲपने तो निकाल अजून वाचलेला दिसत नाही. बहुधा त्याची पीडीएफ स्कॅन केलेली असावी, दृष्टिहीनांच्या वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तसली वाचता येत नाही.

खर्चाचा अंदाज बांधताना जीएसटी विसरू नका. श्रवणयंत्राला माफ, व्हीलचेअरला 5 टक्के. ऐकू येणं करमुक्त आहे, हलणं नाही.

आणि शेवटचा, सगळ्यात प्रेमाचा सल्ला. तो माझा नाही, साहेबांचाच आहे. "कर्जाच्या भानगडीत पडताच कशाला? शिबिरात फुकट मिळते की!" मिळते. केंद्राची ॲडिप योजना 1981 पासून आहे, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना साधनं मिळतात, आणि अनेकांचं आयुष्य त्याने सावरलं, हे खोटं नाही. पण मी त्या अटीत बसत नाही. पगार आहे ना. म्हणजे फुकट घेण्याइतका मी गरीब नाही आणि रोख देण्याइतका श्रीमंत नाही. अशा माणसासाठी जगात कर्ज नावाची सोय असते, असं मी ऐकून होतो. तेही सोडा. शिबिरात काय होतं ते मी लहानपणी भोगलंय. मांडव, दोन तास ऊन, नावाचा पुकारा, हार, पाहुण्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर, आणि "बाळ, इकडे बघ, फोटो." खुर्ची माझ्या मापाची नव्हती. तीन आकारात आल्या होत्या, माझ्या वाट्याला मोठी आली. पायपट्टीपर्यंत माझे पाय पोचायचे नाहीत, दोन वर्षं ते लोंबकळत राहिले. फोटो मात्र मापात आला होता.

साहेब, तुम्हाला कळतच नाहीये. मी तुमच्याकडे काही मागायला आलेलो नव्हतो. मी तुमचे पैसे व्याजासकट परत करायला आलो होतो, दर महिन्याच्या 5 तारखेला, छत्तीस महिने. तुम्हाला तेवढंही माझ्याकडून घ्यायचं नव्हतं. मला द्यायला तुम्ही कधीही तयार आहात, माझ्याशी व्यवहार करायला नाही. 2015 मध्ये आमच्यासाठी 'दिव्यांग' हे नवं नाव सुचवलं गेलं, ते तुमच्या टेबलावरच्या पाटीवरही आहे, 'दिव्यांगांना प्राधान्य'. प्राधान्य नको मला. रांगेत उभं करा, म्हणजे बसवा, पण रांगेत घ्या.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा काढा. कलम 13 वाचा. दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, आपले आर्थिक व्यवहार आपण बघण्याचा आणि बँकेचं कर्ज मिळवण्याचा हक्क आहे असं त्यात सरळ लिहिलंय. रिझर्व्ह बँकेने तर त्याच्याही आधी, 2008 मध्ये, दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुकपासून किरकोळ कर्जापर्यंत सगळ्या सेवा भेदभाव न करता द्या असं कळवलं होतं. माझं उत्पन्न कमी पडत असेल तर तसं लिहून नाकारा. सिबिल वाईट असेल तर दाखवा. व्यवहार म्हणून नाकारलंत तर मी एक शब्द बोलणार नाही, दुसरी बँक बघेन. पण "कशाला त्रास घेताय" म्हणून नाकारू नका, भावाकडे बघत तर मुळीच नाही. त्या "कशाला"चं उत्तर मी कुणालाही देणं लागत नाही.

आणि बाजूच्या रांगेत उभे राहून हे सगळं ऐकणारे, नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून "तुमच्या जिद्दीला सलाम" म्हणणारे काका, तुम्हीसुद्धा. त्याच खांद्यात दुखतं. आणि ती रॅम्पवरची दुसरी मोटरसायकल तुमची होती.

मला लेखी नकार हवाय. कारणासकट, सही-शिक्क्यानिशी. सोमवारी अकराला मी येतोय, एकटाच, रिक्षाने. रॅम्प मोकळा करून ठेवा.